चार बोटांची दुमड

"आक्का, चार चार बोटं दुमडताय! कापड काय आभाळातून पडतंय?"

"आभाळातून पाणी पडेना, कापड कुठलं पडतंय!" मशीन न थांबवता थोरली म्हणाली.

आमच्या शिवणाच्या शेडात या दोघी जावांचं हे रोजचंच. धाकटी आमच्या बचत गटाची अध्यक्ष, म्हणून सगळ्या तिला पुढारीण म्हणायच्या. पण घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली.

त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रानात काम नाही, विहिरीत गाळ, टँकर आला तर आला. निम्म्या घरांतली माणसं वीटभट्टीवर गेलेली. अशात सरकारी दवाखान्याच्या खरेदीच्या बाई आमच्या दारात आल्या. काही वस्तू जवळपासच्या गटांकडून घ्यायच्या, असा नवा नियम झाला होता. बाईंनी दवाखान्याच्या साहेबांशी भांडून खाटांच्या चादरी आम्हाला मिळवून दिल्या. गटाची होती नव्हती ती शिल्लक कापडात गेली.

"कोरं सूत आहे, आटणार. आधी पाण्यातून काढा," थोरली तेव्हाच म्हणाली होती.

"प्यायला पाणी नाही आणि कापडाला अंघोळ घालू?" पुढारीण उसळली.

थोरली मात्र आपल्या चादरींना मोठी दुमड ठेवत राहिली. बाकीच्या आम्ही पुढारणीचं ऐकून बोटभर दुमडून मोकळ्या झालो.

दवाखान्यात नवी चादर आधी उकळत्या पाण्यातून काढतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक! आम्ही नमुन्याच्या चादरी घेऊन तिथं गेलो, त्या धुऊन आल्या. आयाबाईनं एक खाटेवर टाकली, तर पायाकडं गादी उघडी. दुसरी टाकली, तीही तशीच.

"म्हणून मी शहरातल्या व्यापाऱ्याकडून घेतो, बाई," साहेब म्हणाले.

खरेदीच्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. पुढारीण खाटेची दांडी धरून उभी होती. आता पोरं काखेत मारून भट्टीवर जायचं, दुसरं काय!

थोरलीनं कुणाला विचारलं नाही. धुतलेल्यांतली आपली चादर काढली, दोन्ही टोकांची दुमड उसवली आणि गादीवर अंथरली. टोकं बरोबर गादीखाली गेली.

"बाकीच्यांना पायाकडं पट्टी जोडून आणतो," ती म्हणाली. "गादीखाली दबेल, दिसायचीसुद्धा नाही."

"माझ्या जबाबदारीवर, साहेब," बाई म्हणाल्या.

"आठवडाभरात आणा. नाहीतर व्यापारी आहेच."

शेडात परत आलो तर पट्टीपुरतंही कापड शिल्लक नव्हतं.

"काही चादरी फाडाव्या लागतील," थोरली म्हणाली. "जिच्या फाटतील, तिची मजुरी गेली."

सगळ्या आपापल्या ढिगाला चिकटून बसल्या. खोटं कशाला सांगू, मीही बसले. पुढारणीनं मात्र आपला ढीग उचलून थोरलीपुढं ठेवला.

"आक्का, माझ्या फाडा."

थोरलीनं कात्री हातात घेतली आणि तशीच थांबली. "सगळंच कापड आधी पाण्यातून काढायला हवं गं. नाहीतर पट्टीही आटेल."

टँकरचा तर पत्ता नव्हता. पुढारीण उठली, घरी गेली आणि प्यायच्या पाण्याची कळशी कमरेवर घेऊन आली. पातेल्यात ओतताना एक थेंब सांडू दिला नाही.

थोरलीनं चूल पेटवली. मग मीही माझी घागर आणायला उठले.