नेटची पाळी

भांडण पेटलं तेव्हा मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसले होते. धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून थोरल्या भाऊजींच्या ओट्यासमोर उभी होती आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "संध्याकाळची पाळी आमची ना? मग आत्ता कुठे दिवे लागले आणि आमचं नेट बंद कसं?"

भाऊजी खुर्चीवरून हलले नाहीत. "तुझ्या पोरांनी सकाळी माझ्या पाळीत माझ्या बायकोच्या मोबाइलवर बघितलं. तेवढं कापून घेतलंय."

"कापून घेतलंय म्हणे! ते काय पाणी आहे?"

"पाणीच आहे. दिसत नाही एवढंच."

हसू नका. आमच्या थोरल्या भाऊजींनी सगळा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून काढला. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, चारीचं दार कुणासाठी उघडायचं, सगळं त्यांच्या हातात. सख्ख्या भावांना पाळीबाहेर ओंजळभर पाणी दिलं नाही, की कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही. लोक तोंडावर मान द्यायचे आणि पाठ वळली की शिव्या घालायचे. नोकरी संपली आणि माणूस नुसता ओट्यावर बसून राहिला. कोण येणार हो, ज्याच्या हातात दार नाही त्याच्याकडे?

तिघा भावांची आमची घरं एकाला एक चिकटून. वायफाय एकेकट्याला परवडेना, म्हणून तिघांत मिळून एक डबा घेतला. मधलं घर आमचं, तेव्हा डबा आमच्याकडे बसला असता तर दोन्ही बाजूंना सारखं पोचलं असतं. पण धाकटी लगेच म्हणाली, "म्हणजे ताईंच्या घरात धरण आणि आम्ही शेपटाला!" शेवटी डबा थोरल्यांच्या घरात, अगदी एका टोकाला गेला. शहाणपणा करायची पद्धतच नाही आमच्या भावकीत.

बसवायला आलेला केबलवाला म्हणाला, "काका, तिन्ही घरांनी एकदम वापरलं तरी पुरेल."

"कालवा काढणारा इंजिनिअरही असंच म्हणाला होता," भाऊजी म्हणाले.

मग केबलवाल्याने त्यांच्या मोबाइलवर एक गंमत दाखवली. तिन्ही घरांतल्या कुठल्याही मोबाइलचं नेट बोटाने बंद करायचं, बोटाने चालू करायचं. भाऊजींनी ते दोनदा करून बघितलं. माणूस एकदम ताठ बसला. "म्हणजे हे दार," ते म्हणाले. त्याच दिवशी पाळ्या ठरल्या. सकाळ थोरल्यांची, दुपार आमची, संध्याकाळ धाकट्यांची. आणि खरं सांगते, कुणीही नाही म्हटलं नाही. सगळ्यांना एकदम मिळतं अशी वस्तू आम्ही जन्मात बघितली नव्हती.

माझी अडचण झाली ती पोरीमुळे. शिकून घरी बसली होती बिचारी. एका कंपनीत घरबसल्या काम मिळण्यासारखं होतं. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलून उत्तरं द्यायची. आमच्या घरात वाढलेल्या पोरीला आणखी कसला अनुभव पाहिजे? पण मुलाखत मोबाइलवर, तोंड दाखवून, तीही सकाळी, आणि सिमच्या रेंजवर आमच्याकडे बोलण्यापलीकडे काही चालत नाही. हे जमलं नाही तर ती शहरात खोली करून राहणार होती. आमच्या ह्यांनी बॅग काढून पुसूनही ठेवली होती. मला मात्र पोरगी डोळ्यांसमोर हवी होती. एकुलती एक आहे हो!

मी भाऊजींकडे गेले. "एक दिवस पाळी बदलून द्या."

"पाळी बदलत नसते."

"अहो, पुतणी आहे तुमची!"

"कालव्यावर सगळेच कुणाचे तरी पुतणे असतात."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! डबाच उचलून विहिरीत टाकणार होते. तेवढ्यात पोरगी मागून हळूच म्हणाली, "काका, उसनी पाळी चालते का?"

भाऊजींनी विचार केला. "उसनी चालते. मी माझी सोडायची, तू घ्यायची. पण मग माझ्या घरातलं सगळं बंद. एका पाळीत दोन दारं उघडी मी कधी ठेवली नाहीत."

मुलाखतीच्या सकाळी पोरगी आमच्या आतल्या खोलीत, मागे स्वच्छ भिंत येईल अशी बसली. भाऊजी ओट्यावर तयार. आधी त्यांनी थोरल्या जाऊबाईंचा मोबाइल बंद केला. "अहो, आत्ताच तर सासूचं खरं रूप कळणार होतं!" त्या आतून ओरडल्या. मग टीव्ही बंद केला. आणि मग, न्याय तो न्याय, भाऊजींनी स्वतःच्या मोबाइलचंही नेट बंद केलं.

झालं! पोरीचं दार उघडायचं कशाने? त्यांचा मोबाइल त्यांना आत घेईना. सगळ्या दारांचा मालक स्वतःच बाहेर उभा.

"आई, वेळ झाली गं!" आतून पोरगी रडकुंडीला आलेली.

मी केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "डब्याच्या मागे बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दाबून धरा. सगळं पुसून पहिल्यासारखं होईल. पासवर्ड डब्याखालीच लिहिलाय."

"पुसून?" भाऊजींनी विचारलं. "माझ्या पाळ्या?"

"त्या जातील, काका."

मी केसांतली पिन काढून पुढे केली. भाऊजींनी ती हातात धरली आणि तसेच उभे राहिले. "दारं फोडणाऱ्यांना मी पोलिसांत दिलंय," ते म्हणाले. मी पिन हिसकावणारच होते, पण त्यांनी स्वतःच ती भोकात घातली आणि डोळे मिटून दाबली.

डब्याचे दिवे गेले, परत आले. भाऊजींना चष्मा सापडेना, म्हणून जाऊबाईंनी पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. तो धाकटीच्या घरापर्यंत गेला. बघता बघता तिन्ही घरांत टीव्ही, मोबाइल, गाणी, सासूचं खरं रूप, सगळं एकदम सुरू. "बंद करा, माझ्या पोरीचं अडेल!" म्हणत मी दारोदार पळाले, पण ऐकतंय कोण? हताश होऊन घरात आले, तर पोरगी हसून कुणाला तरी सांगत होती, "हो सर, आवाज अगदी स्पष्ट येतोय."

नोकरी लागली. मी देवळात न जाता थेट त्या डब्याला हात जोडले.

पुढे काही दिवस तिन्ही घरांत दिवसभर नेट. कुणाचं कुणामुळे अडलं नाही. भाऊजी ओट्यावर मोबाइल पालथा ठेवून बसायचे. मला वाईट वाटायचं त्यांचं, खोटं कशाला बोलू? मग एका सकाळी धाकटी आली. "भाऊजी, पाळ्या परत चालू करा."

मी चाट पडले. "अगं, मिळतंय की सगळ्यांना!"

"तेच तर, ताई! संध्याकाळ आमची होती. आता आमच्या संध्याकाळी तुम्हीही बघता आणि थोरलेही बघतात. मग आमचं असं राहिलं काय?"

आणि आमचे हे, स्वतःच्या दारात उभे राहून, मान डोलवत होते! भाऊजी तर केबलवाल्याला फोन लावूनही मोकळे झाले.

"आणि माझ्या पोरीची नोकरी?" मी कडाडले.

"ती बारमाही," भाऊजी म्हणाले. "फळबागांना असायचं तसं. तिचं दार दिवसभर उघडं. बाकीच्यांनी पाळीने घ्यायचं."

"नियमात असेल तर आमचं काही म्हणणं नाही," धाकटी खूश होऊन गेली.

खरं तर मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं की बाबांनो, हे आटत नाही, कशाला एकमेकांचं तोडता? पण मी ब्रसुद्धा काढला नाही. आता पोरगी आत बसून परक्यांच्या तक्रारी ऐकते आणि दुपारी आमची पाळी सुरू होते. मला त्या नेटवर बघायचं काहीच नसतं. मी चहाचा कप घेऊन दारात बसते. समोर धाकटी मोबाइल उंच धरून अंगणभर फिरत असते, आणि त्यावर ते चाक नुसतं गोल गोल फिरत असतं. चहा असा गोड लागतो म्हणून सांगू!