काही त्रास नाही

आमच्या मिनेसोटात माणसाचा पाय मोडला तरी तो म्हणतो, ‘तसं बरंय.’ तक्रार करणं हे इथं वाईट वळण समजतात. मीही त्याच वळणात वाढले. पंचवीस वर्षं नर्स असून ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही, याचा आज मला स्वतःचाच संताप येतो.

आर्डिस टोलेफसनबाईंना दर अर्ध्या तासाला लघवीची घाई व्हायची. चर्चमध्ये त्या कायम शेवटच्या बाकावर, दाराला खेटून. मग आमच्या दवाखान्यात त्यांच्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला, कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. त्याची तार माकडहाडाजवळच्या नसेला हलके झटके देते आणि मूत्राशय शांत राहतं. महिन्याभरात बाई पहिल्या बाकावर आल्या. अख्खं प्रवचन बसून ऐकलं, आणि बाहेर माझ्या गळ्यात पडून रडल्या.

अशी त्रेचाळीस माणसं होती. हे यंत्र वर्षानुवर्षं अंगात राहिलं तर काही अपाय होतो का, ते पाहायचं काम माझ्याकडे. दरवर्षी फोन करायचा, विचारायचं, फॉर्मवर खूण करायची.

चौथ्या वर्षी बाई म्हणाल्या, “शिंकले की पाय जरा उडतो. चालायचंच.”

“त्रास म्हणून लिहू का?”

“अगं व्हर्ना, लोकांना कॅन्सर होतात. माझं काय घेऊन बसलीस!”

मी हसले आणि ‘काही त्रास नाही’ या चौकटीत खूण केली. पाचव्या वर्षी, यंदा मार्चमध्ये, “मस्त चाललंय” म्हणाल्या. परत तीच खूण.

पुढच्याच रविवारी त्या प्रवचनभर मागं भिंतीशी उभ्या होत्या. नंतर तळघरात सगळे कॉफीला जमलो, तिथंही बाई किटली घेऊन उभ्याच.

“आर्डिसबाई, बसा की जरा. किटली मी धरते.”

“बसून बसून कंटाळा येतो गं.”

“तुम्हाला? पहिल्या बाकासाठी भांडणाऱ्या तुम्हाला?”

बायका हसल्या. बाईही हसल्या, पण कॉफी बशीत सांडली. मी हात धरला तर चटका बसावा इतका तापलेला. त्यांना कोट टांगायच्या खोलीत ओढलं आणि स्वेटर वर केला. यंत्रावरची कातडी जांभळी पडून मधोमध फाटली होती. घरीच लावलेल्या पट्टीखाली पू होता, आणि पुवात धातूची कड दिसत होती.

“कधीपासून हे?”

“नाताळच्या आधीपासून.”

“मग फोनवर बोलला का नाहीत?” मी ओरडलेच.

“तुम्ही काढून टाकाल म्हणून. मला परत त्या दाराशी बसायचं नाहीये, व्हर्ना.” त्यांनी स्वेटर खाली ओढला. “आणि तसं काही फार नाहीये. आधी केक वाटून होऊ दे.”

त्याच दुपारी यंत्र काढलं, पण जंतू रक्तात पसरले होते. आज तिसरा दिवस. बाईंनी डोळे उघडलेले नाहीत.

सकाळी मी बाकीचे बेचाळीस फॉर्म काढले. सगळ्यांवर माझ्याच हातची तीच खूण. एकेकाला फोन लावायला घेतला, पण ‘कसं चाललंय’ हे विचारलंच नाही.

“आत्ता बसून बोलताय, की उभ्यानं?”

पहिल्या बाई हसून म्हणाल्या, “बसून. का गं?”

दुसरा फोन एका गृहस्थांनी उचलला.

“उभ्यानंच बरं वाटतं हल्ली,” ते म्हणाले. “पण तसं काही फार नाहीये.”