अम्मींचे तीन ठोकळे

माझे बाबा आणि चिमीचे अब्बा यांनी तरुणपणी निम्म्या-निम्म्या भागीदारीत लाकडाची वखार घेतली होती. एकाच वर्षात दोघंही गेले. मृत्युपत्र कुणाचंच नव्हतं. करवत मी चालवायचे, गिऱ्हाइकं चिमी सांभाळायची. पण माझ्या दादाने आणि तिच्या भाईजानने आम्हाला न विचारता वखार विकायला काढली.

"निम्मी माझी, निम्मी याची. तुम्ही फक्त सह्या करा," दादा म्हणाला. खरेदीदार बाहेर गाडीत बसलाच होता.

चिमीने वकीलबाईंना थेट वखारीत बोलावलं. माझी आई आणि चिमीच्या अम्मी बाकावर खेटून बसल्या.

वकीलबाईंनी लाकडाचे ठोकळे मागितले आणि टेबलावर चोवीस-चोवीसचे दोन ढीग केले.

"हा ढीग हिंदू घराचा. आजी-आजोबा दोन्ही घरांत हयात नाहीत. बायको, मुलगा, मुलगी, तिघांना सारखं." आठ, आठ, आठ.

दादा ताडकन उठला. "मला फक्त आठ?"

"बहिणीलाही आठच. बसा."

मग दुसरा ढीग. "हा मुसलमान घराचा. यांचा कायदा वेगळा. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे तीन. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. चौदा आणि सात."

भाईजान खूश झाला. "बघा, माझे चौदा!"

"आपापला वाटा कुणीही विकावा," वकीलबाई म्हणाल्या, "पण कोर्टाकडून आख्खी वखार विकायला लावायची तर निम्मे, म्हणजे चोवीस ठोकळे तरी हवेत."

चिमीने झरझर हिशेब केला. भावांचे मिळून बावीस. मी, आई आणि चिमी, आमचे तेवीस. सगळं आता अम्मींच्या तीन ठोकळ्यांवर येऊन ठेपलं होतं, आणि अम्मींचा जीव तर भाईजानवर!

"अम्मी, दे ना इकडे," तो लाडात आला.

अम्मींनी ठोकळे हातात घेतले. "तुझ्या अब्बांनी वखार घेतली तेव्हा मला विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तू विकायला काढलीस तेव्हाही नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारतंय." आणि त्यांनी तिन्ही ठोकळे खाडकन आमच्या बाजूला ठेवले.

चिमी किंचाळलीच! मी तिला उचलून गरकन फिरवलं. आई हसता हसता रडायला लागली. दादा पाय आपटत बाहेर गेला आणि पाठोपाठ ती गाडीही गेली. भाईजान मात्र अम्मींसमोर मान खाली घालून बसला. "वर्षाअखेर माझ्या वाट्याचा नफा मिळेल ना?" त्याने हळूच विचारलं.

"मिळेल की," चिमी म्हणाली. "उद्या सकाळी ट्रक येतोय. उतरवायला ये."

अम्मी तोवर उठून वखारभर नजर फिरवत होत्या. "मी मालकीण ना आता?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं. "मग आधी इथे एक मोठी खिडकी बसवा. माणसं गुदमरतात."