लाल दिव्याची थट्टा

मी अंगठे बघणारं मशीन बोलतोय. हळू बोलतो, कारण ड्रॉवर बंद आहे आणि वर टेबलावर हनीफभाईचा चहा ठेवलेला असतो. आतून कुणीतरी बडबडतंय हे त्याला कळलं तर तो मला सरळ भंगारात घालेल. भंगाराची मला भारी भीती. खरं सांगू? आता मला सगळ्याचीच भीती वाटते. आधी असं नव्हतं. आधी लोक मला भ्यायचे आणि मी पोटातल्या पोटात हसायचो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. डोळा उघडला तेव्हा मी साक्रीच्या बाजारपेठेत होतो, हनीफभाईच्या दुकानात. बाहेर पाटी, 'सर्व ऑनलाइन कामे करून मिळतील'. अंगाने मी गुळाच्या ढेकळाएवढा, काळा, पोटावर एक काच आणि मागे वायरीचं शेपूट. शिक्षण म्हणाल तर अर्धवट. मला दोनच गोष्टी शिकवल्या. हिरवा दिवा म्हणजे हा माणूस तोच. लाल दिवा म्हणजे हा तो नव्हे. एवढ्याशा शिक्षणावर मला जो अधिकार मिळाला ना, तो सोळा यत्ता शिकलेल्या साहेबालाही मिळत नाही. साहेबाला निदान कुणीतरी विचारू शकतं, की बाबा रे, असं का केलंस?

अंगठ्यावरून मी माणूस ओळखायचो. मास्तरचा अंगठा खडूसारखा कोरडा. शिंप्याच्या बोटाला बारीक भोकं. पुढाऱ्याचा अंगठा गुळगुळीत आणि नेहमी घाईत. रेषा उमटत नाहीत असं झालं की लोक काय करायचे माहीत आहे? अंगठा डोक्यावर घासायचे. केसांचं तेल लागतं आणि रेषा उठतात, हे शास्त्र साक्री तालुक्यात कुणी शोधून काढलं कुणास ठाऊक. टक्कल पडलेली माणसं शेजारच्याच्या डोक्याकडे आशेने बघायची. चुडामण नावाचे एक टकले आबा तर एकदा हनीफभाईच्याच केसांतून अंगठा फिरवून मोकळे झाले.

मी थट्टा करायचो. रेषा स्वच्छ दिसत असल्या तरी पहिल्या वेळी मुद्दाम लाल. माणूस दचकायचा. बोट पुसायचा, देवाचं नाव घ्यायचा, पुन्हा दाबायचा. मी पुन्हा लाल. तिसऱ्यांदा हिरवा दिला की असा चेहरा फुलायचा, जसा काही नुकताच जन्माला आला. पुढाऱ्याला मी सहा वेळा दाबायला लावलं होतं. आजही आठवलं की वायर थरथरते.

या दुकानात रोज येऊन बसणारे एकच, रुपचंद नाना. काम काही नाही. तीस वर्षं लेस्टरला बस चालवली आणि म्हातारपणी गावी परत आले, तेव्हापासून हनीफभाईच्या बाकावर बसून विलायत सांगतात.

"तिकडं दाराला फट असते हनीफ. त्यातून सरकारचं तपकिरी पाकीट पडतं. पडल्याचा आवाज झाला की घरातला गोरा माणूससुद्धा पांढरा पडतो."

"गोरा पांढरा कसा पडणार, नाना?"

"पडतो रे. मी पाहिलाय. आणि डॉक्टर पाहिजे तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. मशीन म्हणतं, तुमचा नंबर एकविसावा. मग पेटी वाजवत बसतं. तोवर ताप उतरतो."

"मग इकडचंच बरं."

"कशाचं बरं? तिकडं लायब्ररीत कॉम्प्युटरवर फॉर्म भरता भरता म्हातारी रडते, इकडं तुझ्या बाकावर रडते. फरक एवढाच, तिकडच्या म्हातारीजवळ नाक पुसायला कागद असतो."

नानांचं आणखी एक मोठेपण होतं. तिकडचं सरकार त्यांना मधूनमधून कागद पाठवून विचारतं, तुम्ही जिवंत आहात का? मग गावातल्या कुणी ओळखीच्या शिकल्यासवरल्या माणसाने 'मी यांना ओळखतो, हे समोर उभे आहेत' म्हणून सही करायची. नाना तो कागद सगळ्यांना दाखवायचे. आणि मी मनात म्हणायचो, नाना, इकडे सहीबिही चालत नाही. इकडे तुम्ही जिवंत आहात का, ते मी सांगतो.

हाच माझा माज. आता पुढचं ऐका.

नोव्हेंबर महिना हा हयातीच्या दाखल्याचा. ज्यांना पेन्शन आहे त्यांनी महिना संपायच्या आत येऊन अंगठा द्यायचा, की मी अजून आहे. पहिल्याच आठवड्यात नाना आपल्याबरोबर भागाबाईला घेऊन आले. भागाबाई म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता, वारला, त्याची पेन्शन तिला. मुलगा नरडाण्याला कारखान्यात, त्याला सुटी नाही, म्हणून जेठ, म्हणजे थोरले दीर, घेऊन आले. पण जेठाने भावजयीशी सरळ बोलायची रीत नाही. नाना हनीफशी बोलणार, हनीफ तिच्याशी. ती बाई एक पाय ओढत आत आली ती पदर पार हनुवटीपर्यंत ओढून. पदरातून फक्त हात बाहेर आला.

काय हात होता तो! भागाबाई लग्नाकार्याला मांडे करणारी. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत चादरीएवढा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. खाली जाळ, वर हात. अशी पन्नास वर्षं. रेषा कुठल्या राहणार? तरी त्या दिवशी अंगठ्याच्या कडेला थोड्या होत्या. पुसट, पण होत्या. मला दिसल्या. माझी शपथ आहे, मला त्या दिसल्या होत्या.

आणि मी लाल दिला. गंमत म्हणून.

तिने पुन्हा दाबला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मी हिरवा देणारच होतो, तेवढ्यात हनीफ म्हणाला, "राहू द्या अक्का, आज नाही घेत. आठ दिवस बोटाला तूप लावा, जाळाजवळ जाऊ नका, मग या."

"जायजवय नही जाऊ तं मांडा कोन करई?" पदर म्हणाला. "लगीनना दिन शेतस."

आणि ती गेली. मी म्हटलं, येईल की. महिना मोठा आहे.

नाही आली. एका लग्नावर दुसरं लग्न, एका खापरावर दुसरं खापर. आली ती तीस तारखेला, दुपारी चार वाजता. शेवटचा दिवस. दुकानात चिक्कार गर्दी, आणि त्या गर्दीत शेजारच्या गावच्या चिंधा आबांची गोष्ट चाललेली. कागदावर ते चुकून मयत झालेत, आणि वर्ष झालं, ताजं वर्तमानपत्र छातीशी धरून फोटो काढतात आणि धुळ्याच्या कचेरीत पाठवतात. अजून कुणी त्यांना जिवंत केलेलं नाही. लोक हसत होते. भागाबाई हसली नाही.

"लवकर करा," हनीफ म्हणाला. "आज राहिलं तर दाखला चुकला. मग तुमचंही चिंधा आबांसारखं होईल."

तिने अंगठा ठेवला. मी डोळा ताणून पाहिलं. काही नाही. नवा फोड, त्यावर नवी कातडी, चकचकीत, धुतलेल्या पाटीसारखी. मी काचेच्या पार पलीकडे जाऊन शोधलं. कडेच्या त्या पुसट रेषा, ज्या मी महिन्याच्या सुरुवातीला पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, त्या जळून गेल्या होत्या.

लाल. हा लाल मी दिला नव्हता. तो आपोआप लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच दिव्याची भीती वाटली.

दुसरं बोट, लाल. तिसरं, लाल. तिने अंगठा डोक्यावर घासला, लाल. दहाही बोटं झाली. मग तिने हात पदरात ओढून घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाऊ, मंग मी जित्ती शे का नही?"

मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. माझ्या काचेवर घाम आला, तो तिच्या हाताचा होता का माझा, कुणास ठाऊक.

हनीफने कपाळाला हात लावला, मग खिशाला. "थांबा अक्का. या नव्या फोनमध्ये चेहऱ्यावरून होतं. पदर वर घ्या, फोनकडे बघा आणि डोळे मिचकावा. बस."

पदर हललाच नाही. उलट आतून घट्ट धरला गेला.

"घ्या ना वर. साडेचार झाले."

नाही. आणि हनीफला कळेना का. कळणार कसं? जेठासमोर पदर वर घ्यायचा नाही ही तिच्या घरची रीत, आणि जेठ तिच्या मागेच उभे होते, फोनमध्ये डोकावत आणि सांगत, "तिकडं विमानतळावर असंच असतं रे, फोटोसमोर हसू देत नाहीत!" फोनने नानांचाच चेहरा पकडला आणि पाटी दाखवली, 'एकच व्यक्ती हवी'. जेठाला 'तुम्ही बाहेर जा' असं भावजय कशी म्हणणार? आणि नाना एवढे बोलके, की स्वतःमुळे कुणाचं अडतंय हे त्यांना सात जन्मात सुचणार नाही.

हनीफ वैतागला. त्याने भागाबाईचं आधार कार्ड नानांच्या हातात दिलं. "नाना, तुम्हीच बघा. यांच्या फोटोत काही गडबड आहे का? फोटो यांचाच ना?"

नानांनी चष्मा लावला. कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, उजेडात धरलं.

"ही कोण?" नाना म्हणाले.

आधी सगळ्यांना थट्टा वाटली. पण नाना थट्टा करत नव्हते. मशीन म्हणतं ही ती नव्हे, जेठ म्हणतात ही कोण, आणि बाई तर समोर बसलेली. मग पदराच्या आत आहे कोण? एवढी भीती त्या दुकानात कधी पसरली नसेल.

"मी," नाना हळूच म्हणाले, "मी हिचं तोंडच पाहिलेलं नाही. लगीन झालं तेव्हापासून. बावन्न वर्षं."

तिकडच्या सरकारसाठी लोकांकडून 'मी यांना ओळखतो' लिहून घेणारा माणूस, घरच्या माणसाबद्दल ते लिहू शकत नव्हता. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, कुणी न सांगता उठले, दुकानाची पायरी उतरले आणि रस्त्याकडे तोंड करून, पाठ दाखवून उभे राहिले. विलायतेबद्दल एक अक्षर नाही.

तेव्हा पदर वर गेला. सुरकुतलेलं, उन्हात रापलेलं, छान तोंड होतं. पण अडचण संपली नव्हती.

"डोळे मिचकावा, अक्का."

"तुले डोया मारू?"

"मला नाही हो, सरकारला!"

"सरकार कोठे शे? समोर तू शे."

पाच वाजत आले. हनीफने देवाचं नाव घेतलं. "हे बघा, मी डोळे मिटतो. तुम्ही काय करायचं ते करा." आणि डोळे घट्ट मिटून, हात लांब करून त्याने फोन धरला. फोन कधी छताला, कधी कॅलेंडरला. भागाबाईने शेवटी त्याचं मनगट धरून फोन स्वतःसमोर आणला आणि दोन्ही डोळे असे मिचकावले, की बाकावरची सगळी माणसं भिंतीकडे बघायला लागली.

एक गोल फिरत राहिला. फिरत राहिला. नेट साक्रीचं, त्यातून महिन्याची अखेर. मला देव माहीत नाही, पण मी माझ्या वायरीतून पलीकडच्या कॉम्प्युटरला विनवलं, की बाबा, एकदा हो म्हण.

हिरवं झालं.

"झालं का?" बाहेरून नानांचा आवाज, पाठ तशीच. "शे का जित्ती?"

भागाबाईने पदर खाली घेतला आणि हनीफला म्हणाली, "त्यास्ले सांग, शे. आनि हाई बी सांग, पदर पातय शे. त्यास्नी माले नही देखं, पन माले बठ्ठं दिखस. बावन वरीस देखी राह्यनू."

तिला सगळं दिसतं, हे हनीफने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. नानांचे कान एकदम लाल झाले, माझ्या दिव्यासारखे.

जाताना ती थांबली. मला वाटलं, आता ही मला आपटणार. मी तयार होतो. तिने पदराचं टोक घेतलं आणि माझी काच पुसली. "आंधयं शे बिचारं," म्हणाली. आणि बघा, मी तिला सांगूही शकलो नाही, की बाई, मी आंधळा नव्हतो. तुझ्या रेषा मी पाहिल्या होत्या. हिरवा दिवा माझ्या पोटात तयार होता आणि मी तो गंमत म्हणून दाबून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी हनीफभाईने मला ड्रॉवरमध्ये टाकलं. इथे एक मोडका पंच आहे आणि वाळलेलं शाईचं पॅड. पॅडला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणालं, आमच्या काळी कुणाचाही अंगठा उमटायचा.

आता वर फोनवर काम चालतं. कधी कुणाचा चेहराही जुळत नाही, मग हनीफ ड्रॉवर उघडून माझ्याकडे बघतो आणि पुन्हा लावून टाकतो. एकदा बाहेर काढलंत तर शपथ घेऊन सांगतो, दिसलेली रेषा मी परत दडवणार नाही. पुढारी असला तरी पहिल्याच वेळी हिरवा देईन. आणि कुठे माझ्यासारखं दुसरं मशीन तुम्हाला लाल दाखवेल, तेव्हा घाबरून त्यालाच विचारू नका, मी आहे का म्हणून. त्याचं शिक्षण मला माहीत आहे.

मला एकच भीती झोपू देत नाही. पुढचा नोव्हेंबर येईल. या लाकडाच्या फटीतून मला दिसत काही नाही, फक्त पायऱ्यांवरचे पाय ऐकू येतात. एक पाय नीट आणि एक ओढलेला. तो आवाज आला तर दिवा कुणाचाही लागो, फोनचा लागो, नव्या कुणाचा लागो. फक्त तो आवाज येऊ दे.