व्हिनियरचा हात

आमचे हे लाकडाला पॉलिश करतात. दुकान खाली, घर वर. सकाळी जिन्यातून आधी पॉलिशचा वास वर येतो आणि मागोमाग यांची शिट्टी. समोरच्या दातांतून काढलेली, सुराशी काडीमोड घेतलेली. तीस वर्षं मी ओरडतेय, "बंद करा हो ती शिट्टी." पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका सोमवारी ती आपोआप बंद झाली. दुपारपर्यंत मला कळेना, घरात काय कमी आहे. घड्याळ बंद पडलं की काय म्हणून तेही बघितलं. शेवटी खाली गेले, तर हे कपाटाच्या दारापुढे बसून जिभेने समोरचा वरचा दात ढकलत होते.

"हलतोय?"

"दोन हलतायत. थोडे."

"रक्त?"

"ते येतंच की घासताना. चार महिने झाले."

दुखणं अंगावर काढण्यात यांचा हात कुणी धरणार नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हिरड्यांखाली साठलेला कडक थर काढला, मऊ ब्रश हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, दोन वेळा हलक्या हाताने घासायचं. रोज फटींतून दोरा फिरवायचा. तीन महिन्यांनी बघू. हिरड्यांनी धरलं तर ठीक, नाहीतर दोन्ही काढावे लागतील."

परतताना हे सारखे जिभेने दात चाचपत होते. समोरचे दात गेल्यावर शिट्टी कुठून निघणार? इतकी वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली तिच्यासाठी माझाच जीव खालीवर होत होता, पण हे यांना कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून खरवड-खरवड आवाज. बघते तर जुनाच राठ ब्रश, कोपर बाहेर काढून आडवा घासणं चाललेलं.

"अहो, मऊ ब्रश कुठाय?"

"त्याने काय होतंय? रक्त येतंय म्हणजे आत घाण आहे. ती निघेस्तोवर घासायला नको?"

जन्मभर जुनं पॉलिश खरवडून उतरवलेला माणूस. आडवा काचपेपर मारला की सगळं स्वच्छ होतं, हा यांचा धर्म. "अति तिथे माती," मी म्हटलं. ऐकलं नाही. आठवड्यात हिरड्या आणखी लाल झाल्या.

माझं डोकंच फिरलं. भांडायच्या तयारीनेच खाली उतरले. हे एका जुन्या टेबलावर कापडाचा बोळा फिरवत होते, दोन बोटांत धरून, श्वास रोखून.

"यावर नाही का काचपेपर मारत?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? व्हिनियर आहे हा, वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. जेमतेम कागदाएवढा जाड. जोर दिला की खालचं लाकूड उघडं पडतं. मग ते परत झाकता येत नाही."

"आणि हिरड्या काय फळीच्या आहेत तुमच्या?"

यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या बोळ्याकडे. संध्याकाळी तो राठ ब्रश दुकानात गेला, नक्षीतली धूळ काढायला.

त्यानंतर आमच्या न्हाणीघरात व्हिनियरचं काम सुरू झालं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा, दोन बोटांत धरायचा, बारीक बारीक फिरवायचा. दोऱ्याला मात्र पहिले चार दिवस शिव्या खाव्या लागल्या. दुसऱ्या आठवडाअखेर रक्त थांबलं.

तीन महिने झाले तेव्हा हे एकटेच दाखवायला गेले. मी स्वयंपाकघरात उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. हे आले ते वर न येता थेट दुकानात. ओल्या हातांनीच जिन्याच्या तोंडाशी जाऊन विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

उत्तरादाखल शिट्टी आली. आधी नुसती हवा, मग तेच जुनं, भसाडं, बेसूर.

मी तिथेच पायरीवर बसले आणि पदराने डोळे पुसले.

शिट्टी थांबली. खालून आवाज आला, "बंद करू का गं?"

"करून तर बघा," मी म्हटलं.