पडद्याचं माप

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा रंगारी शिडीवर होता. खिशातला फोन थरथरला. त्याने एका हाताने तो काढला, दोन ओळी वाचल्या आणि तो शिडीच्या वरच्या पायरीवरच बसला. पावणेतीन वर्षं ज्या कागदासाठी जीव टांगणीला लागला होता, तो आला होता. बायकोचा इकडे परदेशात येण्याचा अर्ज मंजूर.

"काय रे, कोण गेलं?" खालून मुकादमाने विचारलं, तेव्हा आपण रडतोय हे त्याला कळलं.

"कोणी गेलं नाही. येतंय."

आता पुढची कामं उरली होती, आणि ती अर्ज भरून देणाऱ्या फॉर्मवाल्या बाईंनी त्याला बोटांवर मोजून दाखवली होती. बायकोने पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवायचा. वैद्यकीय तपासणीची मुदत संपायच्या आत प्रवास करायचा. आणि त्याआधी दोघांनी मिळून एक पान भरायचं, बायको आल्यावर कुठे राहणार ते. त्याच पत्त्यावर तिचं कायमच्या वास्तव्याचं कार्ड येणार. पासपोर्ट गेला, शिक्का मारून परतही आला. बायकोने तो फोनच्या कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला की त्याला नुसता निळा डाग दिसला. पत्त्याचं पान मात्र तसंच राहिलं.

"पत्ता लिहायला किती वेळ लागतो हो माणसाला?" बाई म्हणाल्या. "मी अख्खा अर्ज चार दिवसांत लिहिला. तुम्ही दोन ओळींना नऊ दिवस लावलेत."

रंगारी खाली मान घालून नखातला रंग खरवडत राहिला. सांगणार तरी काय? पत्ता लिहिला की गोम उघडी पडणार होती.

गोम अशी होती. लग्नानंतर दोन महिन्यांत तो इकडे आला आणि एका धुलाईच्या दुकानाखालच्या तळघरात खोली घेऊन राहिला. वर यंत्रं फिरायची, खाली कॉट हलायची. तशात दीड वर्षापूर्वी त्याला सहाव्या मजल्यावरचं एक रिकामं घर रंगवायला मिळालं. भिंतींना पिस्ता रंग, पूर्वेला हीऽ मोठी खिडकी. जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, दिवसभर कुणाकुणाच्या टोचून बोलण्याने ती रडकुंडीला आली होती. नवरा नेतो म्हणाला आणि विसरला, असं शेजारपाजार म्हणत होता. तिला हसवायला म्हणून त्याने फोन गरकन फिरवला आणि म्हणाला, "हे बघ, आपलं घर घेतलंय भाड्याने."

ती हसली. नुसती हसली नाही, हरखून गेली. त्याच वेळी 'अगं, गंमत केली' म्हटलं असतं तर काम तिथेच मिटलं असतं. पण तिचा तो चेहरा बघून त्याची जीभ उचललीच नाही. भित्रा माणूस नेहमी चांगुलपणाच्या आडोशाला उभा राहतो, आणि हा तर मुळातला भित्रा.

घरमालकाला भाडेकरू मिळेना, किल्ली रंगाऱ्याकडेच राहिली. रोज दुपारी तो तिथे जाऊन फोन करायचा. "सामान कुठेय हो?" तिने विचारलं. "मोठं सामान तू आल्यावर घेऊ, तुझ्या पसंतीने," तो म्हणाला. ती त्यावरही खूश. मग एक दिवस भाडेकरू आले, किल्ली गेली. तेव्हा ह्या पठ्ठ्याने काय करावं? उरलेल्या डब्यातल्या पिस्ता रंगाने तळघरातली कॉटमागची भिंत रंगवली आणि तिला पाठ लावून फोन करू लागला. छटा जरासुद्धा चुकली नाही. उभ्या आयुष्यात त्याने इतक्या काळजीने भिंत रंगवली नव्हती.

बायको शिवणकाम करायची. ब्लाउजच्या कापडातली उरलेली चिंधीसुद्धा घडी घालून गिऱ्हाइकाला परत देणारी बाई. तिने खिडकीचं माप मागितलं, त्याने पाच बाय चार सांगितलं. ते माप खरं होतं. तिने त्या मापाचे पडदे शिवले, अस्तर लावून.

हेही एक वेळ खपलं असतं. पण तीन महिन्यांपूर्वी तिची वकिलातीत मुलाखत झाली. लग्न खरं की कागदोपत्री, हे बघायला साहेबांनी तिला विचारलं, नवरा राहतो ते घर कसं आहे? ती घडाघडा बोलली. सहावा मजला, पिस्ता भिंती, सकाळचं ऊन दारापर्यंत येतं. "तुम्हाला इतकं कसं माहीत?" साहेबांनी विचारलं, तर तिने पर्समधून पडद्याच्या कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. साहेब हसले आणि त्यांनी फाइल मिटली. ही गोष्ट तिने त्याला दहा वेळा तरी सांगितली होती, आणि दर वेळी तो विषय बदलायचा. त्यांचं लग्न शंभर नंबरी खरं होतं. मंजूर झालं ते त्यातल्या एकुलत्या एका खोट्यावर.

"मुलाखतीत सांगितलेलं घर आता राहिलं नाही का?" फॉर्मवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. "मग एवढं काय तोंड पाडायचं? घर बदललं म्हणून लिहा. लोक घरं बदलतातच. कोणी विचारत नाही."

रंगाऱ्याला हायसं वाटलं. इतका सोपा रस्ता आपल्याला कसा सुचला नाही! दोन शब्द, आणि सगळं साफ. त्याने तळघराचा पत्ता लिहिला, 'मागचा दरवाजा, जिन्याखाली' यासकट. आता तिची सही तेवढी बाकी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन लावला. पाठ पिस्ता भिंतीला.

"अगं, ते घर सोडावं लागलं. मालकाला हवं होतं. आता लहान खोली आहे, खालची. पानावर तोच पत्ता घातलाय."

तो थांबला. ती चिडेल, रुसेल, पडद्यांचं काय म्हणेल, अशी त्याने तयारी ठेवली होती.

"अहो, मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "केव्हापासून मनात ठेवून बसलात? तरीच आठ दिवस तुमचा चेहरा उतरलेला. मी आईलाही म्हटलं, यांचं काहीतरी बिनसलंय." तिने डोळे पुसले. "खिडकी लहान असली तर असू दे. पडदा कापता येतो. इतक्या हौसेने घेतलेलं घर हो तुमचं! आणि होतं तेवढं सामान एकट्यानेच उतरवलंत? सहा मजले? कुणी होतं का मदतीला?"

नसलेलं घर गेलं म्हणून ही बाई त्याच्यासाठी रडत होती. नसलेलं सामान त्याने वाहिलं म्हणून तिच्या जिवाला लागलं होतं. त्याला स्वतःची इतकी किळस आजवर कधी आली नव्हती.

"सामान नव्हतं," तो म्हणाला. "घरही नव्हतं."

मग त्याने सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सगळं. शेवटी फोन भिंतीकडे केला. "आणि ही भिंत... तिथलाच रंग आहे. डब्यात उरला होता."



"उरलेला रंग मालकाला परत नाही केलात?" ती म्हणाली.

त्याने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला.

"म्हणजे मी साहेबांसमोर बसून खोटं बोलले."

"तू कुठे? तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं ना." तिचा आवाज चढला नाही, हेच त्याला जड गेलं. "कापडाचा तुकडा ठेवला हो मी त्यांच्या टेबलावर. हसले ते. मला वाटलं, माझं खरं पटलं त्यांना. तुमच्या त्या बाईंना सांगा, पत्र लिहा म्हणावं. झालं ते सगळं. त्याच्याखाली मी सही करीन. 'घर बदललं' या कागदावर करणार नाही."

"अगं, प्रकरण पुन्हा उघडतील. तपासणीची मुदत सहा आठवड्यांत संपतेय. ती गेली तर शिक्काही गेला. कदाचित पहिल्यापासून..."

"पावणेतीन वर्षं थांबले. तेव्हा नाही विचारलंत, थांबशील का म्हणून."

फॉर्मवाल्या बाईंनी कपाळाला हात लावला. पण पत्र त्यांनी लिहून दिलं, आणि लिहिताना एकदाही मान वर केली नाही. त्याची सही झाली, तिची झाली, पत्र गेलं. पोचपावती आली. त्यात लिहिलं होतं, विचार चालू आहे, कळवू तोवर प्रवास करू नये.

त्यानंतर ती रोज फोन करायची नाही. करायची तेव्हा जेवलात का विचारायची आणि ठेवून द्यायची. 'खोटारडे' एवढा एक शब्द तिने म्हणावा म्हणून तो तळमळत राहिला. तिने म्हटला नाही.

अकराव्या दिवशी तिचा फोन आला.

"तिथे खिडकी आहे?"

"आहे. वर, छताला लागून. माणसांचे पाय दिसतात."

"माप?"

"दोन फूट बाय दहा इंच."

"टेप लावून फोटो पाठवा. आकडा दिसला पाहिजे."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. रंगाऱ्याने कॉटवर डबा ठेवला, त्यावर चढला आणि खिडकीला टेप लावला. दोन फुटांना अर्धा इंच कमी भरलं. फोटो काढताना खिडकीखालची ओल चौकटीत येत होती, म्हणून त्याने सवयीने फोन जरा डावीकडे घेतला. मग त्याचा हात थांबला. त्याने फोन पुन्हा उजवीकडे आणला आणि ओलीसकट फोटो काढला, पाठवला.

उत्तर लगेच आलं.

"ओल दिसली. बाकीच्या तीन भिंतींचेही पाठवा."