शुक्रवारचा खुनी

गुजरातच्या सीमेवरच्या खापर गावात, बाजारपेठेत, मांगीलालचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या आईला, नोजीबाईंना, पायाखाली मुंगी आलेली चालत नाही. पाणी गाळून पिणार, कांदा-बटाटा घरात येऊ देणार नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या. भाजीत अळी निघाली तर तिला पानावर घेऊन परसात सोडून येतील, मग सुनेला हाक मारून सांगतील की हात धू. आणि ह्याच नोजीबाईंना यंदाच्या पावसाळ्यात एका खुन्याने असा नाद लावला, की काय सांगावं!

खुनी टीव्हीतला होता. दर शुक्रवारी मालिकेचा नवा भाग यायचा आणि शुक्रवारी दुकान बंद असायचं, त्यामुळे दुपारची जेवणं आटोपली की सगळं घर टीव्हीसमोर. हायवेवर चहाची टपरी चालवणारा एक गोड बोलणारा माणूस. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या मजूर बायका त्याच्याकडे चहा प्यायच्या, आणि त्यातली एखादी पुढे कुठेच पोचायची नाही. एवढीच गोष्ट, पण सांगणाऱ्यांना कसली म्हणून घाई नव्हती. पहिल्या भागात एक बाई मुलगी हरवल्याचं सांगायला पोलिसांत येते, आणि अर्धा भाग ती नुसती बसून राहते. साहेब येतात, जातात, फोन वाजतो, पंखा फिरतो.

"ह्याला मालिका म्हणतात?" मांगीलाल वैतागायचा. "तेवढ्यात मी दोन लग्नांचे बस्ते काढून दिले असते!"

"पप्पा, हळू आहे तेच तर भारी आहे," जिनल म्हणायची. ही त्याची मुलगी, सुरतेला शिकते, तेव्हा भारी कशाला म्हणायचं ते तिला ठाऊक. तिचा भाऊ मयंक दर भागाला पुढचा मुडदा कोणाचा पडणार ते छातीठोकपणे सांगायचा आणि दर भागाला तोंडावर पडायचा.

नोजीबाई पहिल्या भागाला चक्क झोपल्या. दुसऱ्याला अर्ध्या जाग्या. तिसऱ्यापासून मात्र त्यांची माळ मांडीवर तशीच पडून राहायला लागली. टपरीवाला चहा कसा गाळतो, रुमालाची घडी कशी घालतो, हसताना कुठला डोळा बारीक करतो, सगळं त्यांना पाठ. शेजारणीशी बोलताना त्या म्हणायच्या, "काही म्हण, माणूस टापटिपीचा आहे हो." मेलेल्या बायका कोण, कुठल्या, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं.

दाराशी फुलवंताबाई बसलेली असायची. वर सातपुड्यातल्या पाड्यावरची, पण नवरा गेल्यापासून खापरलाच खोली करून राहिलेली. नोजीबाईंकडे धुणी-भांडी आणि धान्य निवडणं तिच्याकडे. ती सूप मांडीवर घेऊन पडद्याकडे बघायची, आणि भाग संपला की दर वेळी एकच विचारायची.

"शेठाणी, ती माय परत उनी का?"

"कोनती माय?"

"पहिली. पोलिसांकडे बठेल व्हती ती."

"नही उनी," नोजीबाई म्हणायच्या. मारवाडातून लग्न होऊन आल्याला जन्म गेला, बाजारात त्या अहिराणीच बोलतात. "ती आता कशाले येई? तिन्हं काम संपनं."

आली नाही एवढं ऐकून फुलवंता मान हलवून उठायची.

पाचव्या भागात टपरीवाल्याने एका पोरीला चहा दिला, आणि मग त्या मालिकेच्या रीतीप्रमाणे काहीच होईना. पोरगी चहा पितेय. ट्रक जातोय. पुन्हा पोरगी चहा पितेय. नोजीबाईंचा धीर सुटला.

"अरे मार ना रे आता तिला! किती ताटकळत ठेवतोस!"

सगळं घर खो-खो हसलं. घरात सगळे नोजीबाईंना बा म्हणायचे; मयंक तर लोळायलाच लागला, "बा, तू नवकार मंत्र म्हण, नवकार!" पुढच्याच प्रसंगात पडद्यावरचा पोलिस म्हणाला की पोरगी कुणाबरोबर तरी पळाली असेल, आणि नोजीबाईंनी हसता हसता मान डोलावली. "पळालीच असणार. ह्या पोरींचं दुसरं काय असतं?"

फुलवंता सूप तिथेच ठेवून आत निघून गेली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग जैनांचं पर्युषण आलं. त्या दिवसांत नोजीबाईंच्या घरात टीव्ही बंद असतो, हा त्यांचाच नियम. सकाळी व्याख्यानाला जायचं, एकासना करायच्या, म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, उपास धरून वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची हात जोडून क्षमा मागायची. आता हे हात जोडणं मोबाइलवरच होतं. फुलांचं एक चित्र सगळ्यांना धाडून दिलं की झालं.

संवत्सरीच्या सकाळी व्याख्यानात महाराजसाहेब, म्हणजे जैन मुनी, हिंसेवर बोलत होते. पाप करणाऱ्याला लागतं, करवून घेणाऱ्याला लागतं, आणि दुसऱ्याने केलेलं बघून मनातून 'बरं झालं' म्हणणाऱ्यालाही लागतं, असं ते म्हणाले. नोजीबाईंनी हे लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण त्या दिवशी त्यांना टपरीवाला आणि ती चहा पिणारी पोरगी आठवली. आपण नुसतं बरं म्हटलं नाही, आपण तर 'मार' म्हणालो! बाई गं, एवढी वर्षं पाणी गाळलं ते कशाला? आता क्षमा मागायची कुणाची, टीव्हीतल्या पोरीची? तिचा नंबर कुठून आणायचा?

घरी आल्या तर फुलवंता ओट्यावर धान्य निवडत होती. मनावरचं ओझं हलकं करायला नोजीबाई तिच्याशेजारी टेकल्या आणि थोडं हसत, थोडं लाजत म्हणाल्या, "फुलवंता, मन्हा हातून पाप व्हयनं. त्या पोरले मार म्हननू मी. तू ऐकं ना?"

"ऐकं," फुलवंता म्हणाली. हात थांबला नाही.

"तुले वाईट वाटनं का?"

फुलवंताने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "शेठाणी, ती माय काय करस, ते माले पाहानं व्हतं. पोलिस काय इचारतस, ती काय सांगस. मंग मी बी तसंच करती."

नोजीबाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

फुलवंताची एकुलती एक मुलगी आशा. होळी झाल्यावर पाड्यावरच्या टोळीबरोबर गुजरातेत बांधकामावर गेली. पेरणीच्या आधी टोळी परत आली, आशा आली नाही. बरोबरच्या बाया म्हणाल्या, ती दुसऱ्या साइटवर गेली, बहुतेक कुणाबरोबर तरी. फोन आधी लागायचा नाही, मग बंद झाला.

आणि फुलवंता वाट बघत बसली. का, तर त्यांच्या आदिवासी रीतीत पोरगी आपल्या मनाने कुणाबरोबर गेली तर तिच्या माणसांनी गावोगाव शोधत फिरायचं नसतं. ते बरं दिसत नाही. मुलाकडचेच पंचांना घेऊन येतात, दोन्हीकडचे बसतात, देज ठरतो, म्हणजे मुलीच्या घराला द्यायचं ते, आणि लग्न पक्कं होतं. कितीतरी संसार असे उभे राहिलेत आणि चांगले चाललेत. फुलवंताचा स्वतःचाही असाच. तेव्हा काळजी वाटली तरी तिने मनाला समजावलं की येतीलच कुणीतरी. पोलिसांकडे जाणं म्हणजे होणाऱ्या जावयावरच केस घालणं! पाड्यावरच्या शहाण्यासुरत्या माणसांनीही तेच सांगितलं.

आणि नोजीबाईंनीही. पाऊस लागला तेव्हा फुलवंता रडवेली होऊन आली होती. त्या वेळी ह्या पापड मोजत होत्या, वर न बघता म्हणाल्या होत्या, "पयी गयी व्हई. दिवाळीले येतीन मागनी लिसन. तुमनामा तर चालसंच." पळून गेली असेल, एवढं बोलून पुन्हा पापड. हे त्यांना आता आठवलं, आणि असं आठवलं की ओट्यावर बसवेना.

त्या उठल्या. "चाल."

"कोठे?"

"पोलिसांकडे. आत्ता."

मांगीलाल आतून धावत आला. "बा, आज संवत्सरी! तोंडात पाण्याचा थेंब नाही, दुपारनंतर प्रतिक्रमण आहे. आणि आपण व्यापारी माणसं, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं? सोमवारी मी कुणाला तरी पाठवतो."

"तू बस्ते काढ," नोजीबाई म्हणाल्या. "मला ठाण्यापर्यंत सोडायचं असेल तर सोड, नाहीतर मी चालत जाते." आई अशी बोलते तेव्हा वाद घालायचा नसतो हे मांगीलालला ठाऊक होतं. त्याने गुपचूप गाडी काढली.

ठाण्यात भीमसिंग नावाचा हवालदार होता. माणूस चांगला, वयाने पोरसवदा. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, नोजीबाईंचा उपास आहे म्हटल्यावर संकोचला. बोलता बोलता त्याने सहज विचारलं, "आजी, ती टपरीवाल्याची मालिका बघता का? आमच्या इथे सगळे बघतात. शुक्रवारचा भाग तर... सांगू का काय झालं?"

नोजीबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भीमसिंगचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने पेन उचललं आणि आशाचं वय, उंची, अंगावरचं गोंदण, शेवटचा फोन कुठून आला, सगळं फुलवंताच्या तोंडून लिहून घेतलं. 'पळून गेली असेल' हे शब्द त्याने उच्चारले नाहीत. आशाचा फोटो फुलवंताच्या मोबाइलमध्ये होता, होळीतला, पिवळी ओढणी घेतलेला. तो त्याने तिथल्या तिथे सीमेपलीकडच्या ठाण्यांना पाठवला.

बाहेर येऊन पायरीवर नोजीबाईंनी हात जोडले. "फुलवंता, मिच्छामि दुक्कडम. मी चुकनू."

"हात नका जोडू शेठाणी," फुलवंता म्हणाली. "पोर हुडका."

पोरीला हुडकायला फार दिवस लागले नाहीत. भीमसिंग स्वतः घरी आला, आणि तो दारातच थांबला तेव्हाच नोजीबाईंना कळलं. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास, साइटजवळच्या रस्त्यावर, एका वाहनाने आशाला धडक दिलेली. वाहन थांबलं नाही. जवळ ना कागद ना फोन. ठेकेदाराच्या लोकांना वाटलं, ती गावी परत गेली. गावच्यांना वाटलं, ती कुणाबरोबर नांदतेय. तिकडच्या पोलिसांनी वाट पाहिली, हरवल्याची तक्रार कुठूनच आली नाही, म्हणून बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केले. फोटो मात्र काढून ठेवला होता. ओढणी पिवळीच होती.

फुलवंता त्या फोटोकडे बघत राहिली आणि मग जमिनीवर बसली. रडली नाही. नोजीबाई तिच्याजवळ खाली बसल्या, त्यांना तर रडू आवरेना.

बातमी बाजारपेठेत पसरायला कितीसा वेळ लागतो! शेजारपाजारचे ओट्याशी जमले. मोबाइलच्या दुकानातला रिषभ पुढे होऊन दबक्या आवाजात म्हणाला, "कोणी मारलं? एकटीच होती की अजून पण पोरी आहेत?" त्याच्या डोळ्यांत ती चमक होती. नोजीबाईंनी ओळखली, कारण ती त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत दर शुक्रवारी असायची.

"अॅक्सिडेंट," मांगीलालने सांगितलं.

"अच्छा. अॅक्सिडेंट," रिषभ म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला, मग घराकडे वळला. बाकीचेही हळूहळू पांगले. शुक्रवार होता आणि शेवटचा भाग यायचा होता.

घरात कुणी टीव्ही लावला नाही. मयंक आणि जिनल आतल्या खोलीत बसून होते. ओट्यावर दोघीच उरल्या. नोजीबाईंनी फुलवंताचा हात धरून ठेवला होता. शेवटी फुलवंताच बोलली, जसं कुणी बाजारात भाव सांगावा तसं, साध्या आवाजात.

"रोज सकायले अंगन सारवू मी, शेठाणी. पंच येतीन म्हनीसन. बठाले घोंगडी बी काढी ठेयेल व्हती. जवाई कसा बी ऱ्हाऊ दे, काळा ऱ्हाऊ दे, गरीब ऱ्हाऊ दे, मी भांडनार नव्हती." ती थांबली. "मी देज बी लेनार नव्हती."